अंगठीवर हुकमत कोणाची?

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या केंद्रस्थानी असलेली 'एकमेव अंगठी', म्हणजे सॉरॉन या मॉर्डॉरच्या अधिपतीने जादूच्या इतर अंगठ्यांवर आणि त्या धारण करणाऱ्यांच्या मनांवर आपली हुकमत चालावी म्हणून स्वतःसाठी घडवलेली, दिसायला अगदी साधी अशी सोन्याची अंगठी, तिच्या निर्मात्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या कह्यात येऊ शकली असती का, हा प्रश्न १९५४-५५ मध्ये ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाल्यापासून वाचक विचारत आले आहेत. वरवर पाहता तो पात्रांच्या बलाबलाचा, कोण कोणाला भारी पडेल अशा धाटणीचा प्रश्न वाटतो, आणि पुष्कळदा त्याची चर्चाही त्याच पातळीवर होते. परंतु कादंबरी बारकाईने वाचली असता तिच्यातील युद्धनीती, कथानकाची गुंफण आणि सत्तेविषयीची तिची भूमिका या तिन्हींचा भार याच प्रश्नाच्या उत्तरावर असल्याचे ध्यानात येते. हे उत्तर चुकीचे गृहीत धरले, तर कादंबरीचा शेवटचा तृतीयांश अनाकलनीय ठरतो.

प्रचलित समजूत अशी आहे की अंगठी केवळ सॉरॉनचे ऐकते आणि इतरांच्या हाती ती निरुपयोगी असते. या समजुतीला मोठा हातभार पीटर जॅक्सन यांच्या २००१ मधील चित्रपटाने लावला आहे. त्यातील, अंगठीचे काय करायचे ते ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेत ॲरागॉर्न हा योद्धा बोरोमिर या दुसऱ्या योद्ध्याला बजावतो की अंगठीला सॉरॉनशिवाय दुसरा धनी नाही आणि ती वापरणे कोणालाच शक्य नाही. चित्रपटाला प्रसंग थोडक्यात आटोपायचा असल्याने ही सुटसुटीत मांडणी समजण्यासारखी आहे, पण मूळ कादंबरीतील त्याच सभेत एल्रॉन्ड जे सांगतो ते याहून पुष्कळ गंभीर आहे. त्याच्या मते अंगठीचे बळ सर्वसामान्यांना पेलण्यापलीकडचे असले, तरी ज्यांच्याकडे मुळातच थोर सामर्थ्य आहे त्यांना ती वापरता येईल, आणि नेमका त्यांच्याच बाबतीत तिचा धोका सर्वांत मोठा आहे, कारण ज्ञानी जनांपैकी कोणी तिच्या जोरावर सॉरॉनला पाडले, तर तो स्वतःच सॉरॉनच्या सिंहासनावर जाऊन बसेल. अंगठी वापरता येत नाही म्हणून ती नाकारणे आणि वापरता येते हे पुरते ठाऊक असताना ती नाकारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे; कादंबरीतील थोर पात्रांचा नकार दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि म्हणूनच त्याला नैतिक मोल आहे.

अंगठीचे हे रूप टॉल्किन यांना एका झटक्यात सुचलेले नव्हते. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द हॉबिट' या बालकादंबरीत ती धारण करणाऱ्याला अदृश्य करणारी एक उपयुक्त जादूची वस्तू एवढीच होती, आणि पहिल्या आवृत्तीतील गॉलम हा तिचा आधीचा धारक तर कोड्यांची पैज हरल्यास ती बक्षीस म्हणून देऊन टाकायलाही तयार होता. पुढील कादंबरीत याच अंगठीला सर्वनाशी सामर्थ्य लाभल्यावर, शेकडो वर्षे जी जवळ बाळगली ती वस्तू गॉलम आपखुशीने देईल ही कल्पना टिकणे शक्य नव्हते. म्हणून टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि ते १९५१ च्या आवृत्तीत समाविष्ट झाले. अंगठी हातची सोडणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे, हा नियम लेखकाला इतका महत्त्वाचा वाटला की त्यासाठी त्याने स्वतःचे लोकप्रिय पुस्तक मागे जाऊन बदलले.

१९५१ च्या सुमारास एका प्रकाशकाला लिहिलेल्या दीर्घ पत्रात टॉल्किन यांनी अंगठीच्या स्वरूपाची जी उकल केली आहे, ती या संपूर्ण चर्चेचा पाया मानावी लागते. इतर अंगठ्यांवर ताबा मिळवण्यासाठी लागणारे प्रचंड बळ अंगठीत उतरवताना सॉरॉनने आपल्या अंगभूत शक्तीचा मोठा हिस्सा तिच्यात ओतला. अंगठी बोटात असताना त्याचे सामर्थ्य वाढते, आणि ती दूर असली तरी त्या शक्तीशी त्याचे नाते तुटत नाही, त्यामुळे केवळ हरवल्याने तो दुबळा होत नाही. मात्र पुरेशा बळाच्या दुसऱ्या कोणी तिच्यावर ताबा मिळवला, तर तो सॉरॉनला आव्हान देऊ शकेल आणि त्याला पदच्युत करून त्याची जागा घेऊ शकेल, हे त्याच्या योजनेतील मूळचेच वैगुण्य होते. ज्याने आपली सत्ता स्वतःबाहेरच्या वस्तूत साठवली, त्याने ती चोरीला जाण्याची वाटही त्याच क्षणी उघडली. ही कल्पना आधुनिक आहे, आणि शस्त्रांच्या व यंत्रांच्या युगात वाढलेल्या लेखकालाच ती सुचावी असे तिचे स्वरूप आहे.

जुन्या परंपरांशी तुलना केली म्हणजे हे वेगळेपण अधिक उठून दिसते. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजीसच्या अंगठीची कथा येते. तीत अदृश्य करणारी अंगठी सापडलेला लिडियातील मेंढपाळ राजाला मारून राज्य बळकावतो, आणि शिक्षेची भीती उरली नाही तर माणूस न्यायाने वागेल का, असा प्रश्न त्या कथेतून उपस्थित होतो. तेथे अंगठी स्वतः काही करत नाही. ती माणसाला पाहणाऱ्यांच्या नजरेपासून मोकळे करते, इतकेच. मराठी वाचकाला गणेश चतुर्थीच्या चंद्रदर्शनाच्या कथेमुळे परिचित असलेला स्यमंतक मणी टॉल्किन यांच्या अंगठीला काहीसा जवळचा आहे, कारण तो शुचिर्भूत धारकाला रोज आठ भार सोने देतो आणि अशुचि धारकाचा घात करतो. विष्णुपुराणात मण्याच्या कथेच्या अखेरीस श्रीकृष्ण तो स्वतःजवळ ठेवण्यास आपण पात्र नसल्याचे सांगतो, सत्यभामा आणि बलराम यांनाही अपात्र ठरवतो आणि मणी अक्रूराकडेच राहू देतो. सर्वांत समर्थ असलेल्याने वस्तू नाकारणे हा धागा दोन्हीकडे समान असला, तरी मण्याच्या बाबतीत योग्य धारक सापडू शकतो, ही त्या कथेची श्रद्धा आहे. अंगठीच्या बाबतीत धारकाची शुचिता कितीही मोठी असली तरी पुरी पडत नाही, उलट तीच अंगठीच्या हातातील हत्यार बनते.

अंगठी आपल्या धारकाला सामर्थ्य देते ते त्याच्या स्वतःच्या कुवतीच्या प्रमाणात, हा कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे आणि तो लोथलोरिएनच्या वनात गॅलाड्रिएल ही एल्फ राज्ञी अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोला समजावून सांगते. एल्फ म्हणजे टॉल्किन यांच्या विश्वातील, रोगजरेपासून मुक्त असलेला दीर्घायुषी मानवसदृश समाज, आणि हॉबिट म्हणजे फ्रोडो ज्या समाजातला आहे तो बुटका, शेतीवाडीत व खाण्यापिण्यात रमणारा समाज. अंगठी जवळ असूनही इतर अंगठीधारकांची मने आपल्याला का दिसत नाहीत, असे फ्रोडो विचारतो, तेव्हा त्याला उत्तर मिळते की त्याने तसा प्रयत्नच केलेला नाही, आणि तो करायचा तर आधी स्वतः पुष्कळ बलवान व्हावे लागेल आणि इतरांच्या इच्छेवर स्वार होण्याची सवय आपल्या इच्छेला लावावी लागेल. या एका उत्तरात अंगठीवर हुकमत मिळवण्याची संपूर्ण रीत आली आहे. हुकमतीची तालीम म्हणजेच भ्रष्ट होण्याची तालीम असल्याने, आधी अंगठी जिंकायची आणि मग तिचा सदुपयोग करायचा, हा क्रम तेथे संभवतच नाही.

या नियमाची पहिली प्रचीती इसिल्दूरच्या कथेत येते. सॉरॉनच्या हातून अंगठी कापून घेणारा हा राजा लोभी आणि अविचारी म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला आहे, परंतु १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स' या संग्रहातील त्याच्या अखेरच्या लढाईच्या वृत्तान्तात एक वेगळा इसिल्दूर भेटतो. ऑर्क नावाच्या राक्षसी शत्रूंनी वेढलेले असताना त्याचा थोरला मुलगा एलेन्दूर त्याला विचारतो की अंगठीच्या बळाने या शत्रूंना वठणीवर आणता येणार नाही का. त्यावर तो कबूल करतो की ती आपल्याला वापरता येत नाही, तिच्या स्पर्शाच्या वेदनेची आपल्याला धास्ती वाटते, तिला वाकवण्याइतके बळ अजून आपल्यात आलेले नाही आणि ती एल्फांच्या तीन अंगठ्यांच्या रक्षकांकडे सोपवायला हवी. सॉरॉनवर विजय मिळवणाऱ्या सैन्यातील एक प्रमुख योद्धा अंगठीपुढे असा हतबल होतो, यावरून मर्त्य मानवांपैकी बहुतेकांची कुवत किती अपुरी होती याचा अंदाज येतो. बोरोमिरचा प्रश्न तर तिथेच निकालात निघतो. त्याचे शौर्य खरे होते, पण अंगठी हाती येण्यापूर्वीच तिने त्याला मोठमोठ्या सैन्यांची आणि स्वतःच्या राजपदाची स्वप्ने दाखवायला सुरुवात केली होती.

अंगठी नष्ट करण्यासाठी अग्निपर्वताच्या विवरापर्यंत पोहोचलेल्या फ्रोडोने ऐनवेळी तिच्यावर दावा सांगितल्यानंतर ती गॉलमने हिरावली नसती तर काय झाले असते, याचे उत्तर टॉल्किन यांनी १९६३ मध्ये एका वाचक स्त्रीला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात सविस्तर दिले आहे. तो मसुदा १९८१ च्या पत्रसंग्रहात छापला गेला आणि या विषयावरील सर्वांत मोलाचा ऐवज आहे. ओरोड्रुइन या अग्निपर्वताकडे धावत आलेले आठ नाझगूल, म्हणजे नऊ अंगठ्यांच्या मोहाने सॉरॉनचे दास बनलेल्या मानवी राजांच्या छाया (त्यांचा नायक आधीच मारला गेला होता), फ्रोडोवर हात टाकू शकले नसते. त्यांनी त्याच्या किरकोळ आज्ञा पाळल्या असत्या, निदान पाळल्यासारखे दाखवले असते, त्याला स्वामी म्हणून मुजरा केला असता आणि आपले नवे राज्य पाहण्यासाठी गुहेबाहेर यावे अशी गोड शब्दांत विनवणी केली असती. तो बाहेर रमला असता तोवर त्यांच्यातल्याच काहींनी अग्निविवराकडे जाण्याची वाट बुजवली असती. त्यांच्या नऊ अंगठ्या सॉरॉनजवळ असल्याने त्यांच्या इच्छेवर अंतिम ताबा त्याचाच होता. फ्रोडो तोपर्यंत राज्य सुधारण्याच्या भव्य बेतांत इतका गुंतलेला असता की हा कावा त्याला कळलाही नसता, आणि मग खुद्द सॉरॉन समोर उभा राहिला असता. या चित्रात अंगठी फ्रोडोला खरोखर काही सामर्थ्य देते, हे विसरता कामा नये. ती त्याला आज्ञा देण्याइतपत मोठा करते, पण खऱ्या स्वामीपुढे टिकण्याइतका मोठा करत नाही, आणि हा फरक त्याला कळू देत नाही.

मग त्या अंतिम सामन्यात कोण टिकले असते? त्याच मसुद्यात टॉल्किन सांगतात की गॅलाड्रिएलला आपण अंगठी पेलू शकू असे वाटले होते, आणि तसे असेल तर एल्रॉन्डसारख्या तीन अंगठ्यांच्या अन्य रक्षकांनाही ते शक्य मानावे लागेल. परंतु परमसत्तेची स्वप्ने मनात भरणे हेच अंगठीच्या फसवणुकीचे मर्म असल्याने या आत्मविश्वासाला पुरावा मानता येत नाही. त्यांनी अंगठी घेतली असती, तर संपूर्ण अंकित सेनापती आणि प्रचंड सैन्ये उभी करून सॉरॉनला बळाने पाडण्याचा मार्ग धरला असता. एकट्याने त्याच्यासमोर उभे राहण्याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. तशा द्वंद्वात सॉरॉनवर मात करण्याची अपेक्षा एकट्या गॅन्डाल्फ या जादूगाराकडून धरता येईल, कारण तो मायार, म्हणजे सृष्टीच्या आधीपासून असलेल्या आणि दृश्य देह धारण करू शकणाऱ्या अमर आत्म्यांपैकी एक असून सॉरॉनही मुळात त्याच वर्गातला आहे. सारुमानही त्याच कुळीचा आणि अंगठ्यांच्या विद्येत गॅन्डाल्फपेक्षा पारंगत. पण त्याने अंगठी हाती येण्याआधीच सॉरॉनचे अनुकरण सुरू केले होते, त्यामुळे त्याच्या विजयाने मॉर्डॉरच्या धन्याचे नाव तेवढे बदलले असते.

गॅन्डाल्फच्या विजयाबद्दल टॉल्किन यांनी दिलेला निर्वाळा अधिक हादरवणारा आहे. त्यांच्या मते अंगठीचा स्वामी झालेला गॅन्डाल्फ सॉरॉनपेक्षा कितीतरी वाईट ठरला असता. सॉरॉन दुष्टपणा वाढवतो, पण त्याच्या राज्यात चांगले काय आणि वाईट काय हे निदान स्पष्ट दिसते. गॅन्डाल्फने आपल्या शहाणपणाच्या जोरावर सर्वांच्या भल्याची व्यवस्था लावली असती, तीत कोणाला नकाराची मुभा उरली नसती, आणि हळूहळू चांगुलपणाच लोकांना नकोसा होऊन दुष्टपणासारखा भासू लागला असता. अंगठी आपल्या हृदयापर्यंत दयेच्या आणि भले करण्याच्या इच्छेच्या वाटेने पोहोचेल, हे गॅन्डाल्फने आरंभीच फ्रोडोच्या घरात भयभीत होऊन सांगितलेले असते. विसाव्या शतकाने लोककल्याणाच्या नावाने उभारलेल्या हुकूमशाह्या पाहिल्या आहेत, त्यामुळे हा निर्वाळा वाचताना अंगावर काटा येतो. सॉरॉन हरला असता आणि त्याच्या दृष्टीने अंगठी नष्ट झाल्यासारखीच ठरली असती, पण अंगठी आणि तिची करणी मात्र टिकून राहिली असती. अखेरीस धनी तीच असती.

अंगठी दुसऱ्याच्या कह्यात येण्याची शक्यता खरी आहे, हे कादंबरीतील शत्रूलाही ठाऊक आहे, आणि त्याच्या पराभवाचे कारणही तेच ज्ञान आहे. युद्धाच्या निर्णायक टप्प्यावर गॅन्डाल्फ सेनानायकांना सांगतो की अंगठी सापडली असेल तर ती पेलण्याइतके बळ आपल्यातील काहींच्या अंगी आहे, आणि सॉरॉन ते जाणून आहे. ॲरागॉर्नने त्याआधीच पलान्तिर या दूरदर्शी स्फटिकातून स्वतःला सॉरॉनपुढे प्रकट केलेले असते. पाठोपाठ जेमतेम सात हजारांचे सैन्य मॉर्डॉरच्या दाराकडे निघते, तेव्हा सॉरॉन त्याचा एकच अर्थ लावू शकतो, तो म्हणजे नव्या अंगठीधारकाचा उतावळा उद्दामपणा. त्याची नजर आणि त्याची सेना त्या दिशेला वळते, आणि दोन उपाशी हॉबिट त्याच्या पाठीमागे पर्वत चढत राहतात. अंगठीवर कोणाची हुकमत चालेल हा प्रश्न सॉरॉनने अचूक सोडवला होता. अंगठी हाती असलेला कोणी ती नष्ट करायला निघेल, ही शक्यता त्याच्या मनाला शिवणेच अशक्य होते. अंगठी इतरांच्या हाती निरुपयोगी असती, तर ही भीती निराधार ठरली असती आणि हा डावही फसला असता. अंगठी शत्रूविरुद्ध वापरता येते, हे टॉल्किन यांनी कथेबाहेरही गृहीत धरले होते. दुसऱ्या महायुद्धाशी आपल्या कथेची सांगड घालणाऱ्यांना उत्तर देताना टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात म्हटले होते की ही त्या युद्धाची रूपककथा असती, तर अंगठी हस्तगत करून सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती आणि सारुमाननेही मॉर्डॉरमधील गोंधळात हवे ते ज्ञान मिळवून स्वतःची महाअंगठी घडवली असती.

जे अंगठीच्या मोहातून सुटले, त्यांच्यात टॉम बॉम्बाडिलचे नाव नेहमी घेतले जाते. अंगठी बोटात घालूनही तो अदृश्य होत नाही, पण ती जपून ठेवण्यास तो निरुपयोगी आहे, कारण कोणावरही सत्ता चालवण्याची इच्छाच नसल्याने तो तिला विसरून जाईल किंवा कुठेतरी टाकून देईल. त्याच्यावर अंगठीची सत्ता नाही, यावरून त्याची अंगठीवर सत्ता आहे असे ठरत नाही. सॅमवाइज गॅमजीचा प्रसंग याहून अधिक अभ्यासण्यासारखा आहे. मॉर्डॉरच्या सीमेवर अंगठी थोडा काळ या बागकाम करणाऱ्या हॉबिटकडे येते आणि त्यालाही तलवार उपसून सैन्यांच्या अग्रभागी निघालेला महावीर म्हणून त्याचेच चित्र दाखवते, त्याच्या आज्ञेने गॉर्गोरोथचे उजाड पठार फुलांनी व झाडांनी बहरताना दाखवते. मोह त्याच्याच आवडीच्या वस्तूपासून, बागेपासून विणलेला असतो. तो वाचतो ते आपला धनी फ्रोडो याच्यावरील मायेमुळे आणि आपल्याला स्वतःच्या हातांनी राखता येईल एवढीच बाग पुरे, इतरांच्या हातांनी राबवायचे राज्य नको, या मुळातल्या समजुतीमुळे. तरीही अंगठी त्याच्याकडे अल्पकाळच होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कारण काळ हा या व्यवहारातील निर्णायक घटक आहे. प्रवास सुरू होण्यापूर्वी, घरच्या चुलाण्यातील साध्या विस्तवात अंगठी टाकण्याचा फ्रोडो निश्चय करतो, तेव्हाच त्याला आढळते की आपण ती परत खिशात घातली आहे. ज्याला तेथे हे जमले नाही, त्याला कित्येक महिन्यांच्या छळानंतर, अंगठीचे बळ शिगेला पोहोचलेल्या त्या विवराच्या काठावर ते जमेल, ही आशा मुळातच धरता येत नव्हती. टॉल्किन यांनी अनेक पत्रांतून ठामपणे लिहिले आहे की हा फ्रोडोचा नैतिक दोष नव्हे. त्या स्थितीत त्या दडपणाखाली कोणाचीही इच्छाशक्ती मोडली असती, आणि फ्रोडोने आपल्या अंगी असलेले सर्व काही खर्चून मोहीम जेथवर नेली तेथवर नेणे हेच त्याचे यश. फ्रोडोला भेकड वा अपयशी ठरवणाऱ्या वाचनाचा प्रतिवाद करणे आजही आवश्यक आहे, कारण त्या वाचनात कादंबरीचा गाभाच हरवतो.

राहतो तो पर्वताच्या उतारावरील प्रसंग, ज्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गॉलम हल्ला करून परतवला जातो, तेव्हा सॅमला क्षणभर फ्रोडोच्या जागी शुभ्र वस्त्रातील, छातीशी अग्निचक्र धरलेली एक कठोर आकृती दिसते, आणि त्या अग्नीतून आलेला आवाज गॉलमला बजावतो की पुन्हा स्पर्श केलास तर तूच त्या विवराच्या आगीत फेकला जाशील. काही वेळाने तो स्पर्श करतो, फ्रोडोचे बोट चावून अंगठी घेतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन खाली पडतो. हा शापच फळाला आला असे मानले, तर फ्रोडोने अंगठीवर खरोखर एकदा हुकमत गाजवली आणि त्या एकाच हुकमाने अंगठीचा नाश ओढवला, असे म्हणावे लागेल. टॉल्किन यांनी मात्र एका पत्रात कथेत कोठेही नाव न घेतलेल्या परमशक्तीने त्या क्षणी सूत्रे हाती घेतली असे सुचवले आहे, आणि ती कृपा फ्रोडोने व त्याआधी 'द हॉबिट'मधील बिल्बोने गॉलमला जिवंत सोडण्याची जी दया दाखवली तिच्याशी जोडली आहे. दोन्ही अर्थ मजकुरात सापडतात आणि एकाने दुसरा खोडला जात नाही. तरीही प्रस्तुत विवेचनाचा कल दुसऱ्याकडे आहे, कारण शाप अंगठीच्या बळावर उच्चारला गेला होता, परंतु तो खरा होण्यासाठी गॉलम त्या काठापर्यंत जिवंत पोहोचणे आवश्यक होते, आणि त्याला जिवंत ठेवण्याचा निर्णय प्रत्येक वेळी असा घेतला गेला की ज्यात अंगठीला कोणताही लाभ दिसत नव्हता.